द्राक्षवेलीत व्हिग्स: मुंबईच्या हवेत विषाणूकडून जनुक गप्प करून घेण्याची कृती

द्राक्षातलं एखादं जनुक नेमकं काय काम करतं हे कळायचं, तर ते बंद पाडून वेलीचं काय होतं ते बघायचं. म्हणायला सोपं आहे. प्रत्यक्षात द्राक्षाचं जनुकांतरण करायचं म्हणजे आधी फुलोऱ्यातल्या कोवळ्या भागांपासून भ्रूण तयार करणारा कॅलस (पेशींचा गोळा) मिळवायचा, त्यात जनुक घालायचं, त्यातून रोप उभं करायचं. यात वर्ष सहज जातं, आणि रोप हाती येईलच याची खात्री नाही. एमएस्सीच्या प्रबंधाला एवढा वेळ कुणाकडे असतो?

व्हिग्स (व्हायरस-इंड्यूस्ड जीन सायलेन्सिंग) ही पद्धत इथे उपयोगी पडते. विषाणूच्या जनुकसंचात द्राक्षाच्या जनुकाचा एक लहानसा तुकडा जोडायचा आणि तो विषाणू वेलीत सोडायचा. विषाणूची वाढ होताना दुपदरी आरएनए तयार होतो. वेलीची संरक्षण यंत्रणा त्याचे २१ ते २४ अक्षरांचे (न्यूक्लिओटाइडचे) बारीक तुकडे करते आणि त्या तुकड्यांशी जुळणारा प्रत्येक आरएनए कापत सुटते. वेलीला तो विषाणूच वाटतो, पण तुकडा तिच्याच जनुकाचा असल्यामुळे त्या जनुकाचा संदेशही कापला जातो. डीएनए जसाच्या तसा राहतो, बियांतून सहसा काही पुढे जात नाही. उत्तर महिना-दीड महिन्यात मिळतं. ही कल्पना १९९५ मध्ये तंबाखू मोझॅक विषाणू वापरून दाखवली गेली, तेव्हा पानं पांढरी पडली होती. तीच पांढरी पानं आजही या तंत्राची पहिली परीक्षा आहेत.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. व्हिग्स ही चाचणी आहे, उपचार नाही. नाशिकच्या बागेत भुरी किंवा डाउनी हे रोग कमी करायला हे वापरायचं नसतं. शिवाय जनुक शंभर टक्के बंद होत नाही. आवाज बारीक होतो, तोही पानाच्या काही भागात. निष्कर्ष लिहिताना हे भान ठेवावं लागतं.

काम सुरू करण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे अर्ज करा. जनुकीय बदल केलेल्या जीवांवरचं काम १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांत येतं, आणि विषाणू वाहक (जनुकाचा तुकडा वाहून नेणारे बदललेले विषाणू) त्यातून सुटत नाहीत. वाहक परदेशातून मागवायचा असेल तर आयातीची परवानगी वेगळी. हे कागद रेंगाळतात, म्हणून रोपं वाढवायला घ्याल त्याच दिवशी अर्जही टाका.

विषाणू कोणता?

द्राक्षासाठी खास द्राक्षाचेच विषाणू वापरून वाहक बनवले गेले आहेत. द्राक्ष विषाणू ए वर बेतलेला वाहक २००९ मध्ये आला. पानं गुंडाळणाऱ्या लीफरोल गटातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या विषाणूवरचा २०१२ मध्ये. हे दोन्ही विषाणू अन्नवाहिन्यांत राहतात, त्यामुळे शिरांच्या कडेने परिणाम चांगला दिसतो आणि दोन शिरांमधल्या भागात कमी. वेलीच्या सवयीचे असल्याने ते बराच काळ टिकतात, हा मोठा फायदा. तोटा असा की लीफरोलवाल्याचा जनुकसंच सुमारे साडेसोळा हजार अक्षरांचा आहे. एवढं मोठं प्लाझमिड (डीएनएचं वर्तुळ) हाताळणं नवख्याचं काम नाही. आणि द्राक्ष विषाणू ए पिठ्या ढेकणामार्फत पसरतो. ज्या खोलीत एकही पिठ्या ढेकूण फिरत असेल तिथे हा वाहक आणू नये.

तिसरा पर्याय टोबॅको रॅटल विषाणू, म्हणजे टीआरव्ही. हा द्राक्षाचा नव्हे. त्याचा आरएनए दोन भागांत असतो. पहिल्या भागात स्वतःच्या प्रती काढण्याची आणि एका पेशीतून दुसरीत सरकण्याची सामग्री, दुसऱ्यात बाहेरचं आवरण. मूळ विषाणू मातीतल्या सूत्रकृमींमार्फत पसरतो. वाहक बनवताना दुसऱ्या भागातली सूत्रकृमींशी संबंधित जनुकं काढून तिथे आपला तुकडा बसवायची जागा केली आहे. तेव्हा तो मार्ग बंद होतो. द्राक्षात टीआरव्ही बेताबेतानेच पसरतो, पण वाहक लहान आहे, सहज मिळतो, आणि गडबड झाली तर कुठे झाली ते शोधता येतं. मुंबईतल्या ज्या प्रयोगशाळेत हे काम पहिल्यांदाच होतंय तिने टीआरव्हीनेच सुरुवात करावी. हात बसला, की मग द्राक्षाच्या स्वतःच्या विषाणूंकडे वळा. पुढची सगळी कृती टीआरव्हीची आहे.

तुकडा निवडणं

द्राक्षाचा जनुकसंच २००७ मध्ये उलगडला. फळपिकांत तो पहिला. पीएन४००२४ या ओळीचा क्रम संदर्भ म्हणून घ्या, पण तुमची वेल थॉमसन सीडलेस असेल तर तिच्यात दोन-चार अक्षरांचे फरक निघतात. म्हणून तुकडा स्वतःच्या वेलीच्या आरएनएपासूनच काढा.

लांबी ३०० ते ४०० अक्षरं. दोनशेच्या खाली परिणाम मंद होतो, पाचशेच्या वर गेलात तर विषाणू तो तुकडा वाटेत टाकून देतो. ओझं नको म्हणून विषाणू स्वतःच हलका होतो, आणि पांढरं झालेलं पान वर गेल्यावर हिरवं निघतं. एकाच अक्षराच्या लांब रांगा टाळा.

दुसरी अट अधिक महत्त्वाची. तुमच्या तुकड्यातली सलग २१ अक्षरं दुसऱ्या कुठल्याही जनुकाशी तंतोतंत जुळता कामा नयेत. द्राक्षात जनुकांची भावंडं फार. स्टिल्बीन सिंथेजसारखं कुटुंब घेतलं तर डझनावारी सदस्य एकाच साच्यातले. तिथे एकाला गप्प करायला जाल आणि अख्खं घर गप्प होईल. कधी कधी तेच हवं असतं. पण मग प्रबंधात ‘कुटुंब’ लिहा, ‘जनुक’ नाही. एकालाच पकडायचं असेल तर संदेशाच्या शेवटचा, प्रथिन न बनवणारा भाग बघा. भावंडांमध्ये तो जास्त वेगळा असतो.

तपासणीसाठी क्यूपीसीआरचे (संदेश किती उरला ते मोजणाऱ्या चाचणीचे) प्रायमर, म्हणजे मोजायचा भाग ठरवणारे डीएनएचे छोटे धागे, याच वेळी ठरवा आणि ते तुकड्याच्या बाहेर बसवा. निदान एक तरी बाहेर हवाच. दोन्ही तुकड्याच्या आत पडले तर मशीन विषाणूने आणलेला तुकडाही मोजतं. मग जनुक गप्प होण्याऐवजी शेकडोपट ओरडताना दिसतं.

एकूण चार गट लागतात. पहिला पीडीएस, म्हणजे फायटोइन डिसॅच्युरेज. हे बंद झालं की कॅरोटिनॉइड बनत नाहीत, उन्हापासून रक्षण न झाल्याने हरितद्रव्य जळतं आणि पान पांढरं पडतं. प्रयोग चालला की नाही ते डोळ्यांनी कळतं. दुसरा तुमचं जनुक. तिसरा निष्क्रिय तुकडा: जीएफपीचा (जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा) साधारण ३०० अक्षरांचा भाग, कारण द्राक्षात तो नसतो. रिकामा वाहक नियंत्रण म्हणून वापरू नका. तो तुकडा नसल्यामुळे हलका असतो, जोमाने पसरतो आणि कधी रोपालाच आजारी पाडतो. मग तुमच्या जनुकाच्या रोपांशी केलेली तुलनाच चुकीची ठरते. चौथा गट नुसत्या द्रावणाचा.

द्राक्षाचा आरएनए

घोडं पेंड खातं ते इथेच. द्राक्षाच्या पानात फेनॉल आणि चिकट शर्करा इतक्या, की साधं किट वापरलं तर तपकिरी गाळ निघतो आणि त्यावर एन्झाइम चालत नाही. सीटॅब या साबणासारख्या रसायनाची पद्धत घ्या.

१०० मिलिलिटर द्रावणासाठी: सीटॅब २ ग्रॅम, पीव्हीपी के-३० २ ग्रॅम, मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड ११.७ ग्रॅम, १ मोलर ट्रिस (पीएच ८) १० मिलिलिटर, ०.५ मोलर ईडीटीए ५ मिलिलिटर, स्पर्मिडीन ५० मिलिग्रॅम. बीटा-मरकॅप्टोइथेनॉल २ टक्के, पण ते वापरायच्या वेळीच घाला, आधी नाही. आणि फ्युम हूडखाली घाला, नाहीतर अख्खा मजला विचारायला येईल.

टोकाकडून तिसरं-चौथं कोवळं पान घ्या. १०० मिलिग्रॅम पान द्रव नायट्रोजनमध्ये पीठ होईपर्यंत वाटा. पीठ वितळायच्या आत ६५ अंशांवर गरम केलेलं १ मिलिलिटर द्रावण ओता. मधेमधे हलवत १० मिनिटं ६५ अंशांवर ठेवा. क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल (२४ ला १) समान प्रमाणात घालून हलवा, फिरवा, वरचा थर घ्या. हे दोनदा करा. वरच्या थराच्या एक चतुर्थांश एवढं १० मोलर लिथियम क्लोराइड घालून ४ अंशांवर रात्रभर ठेवा. लिथियममुळे आरएनए खाली बसतो, शर्करा बऱ्याचशा वर राहतात. ही रात्र वाचवायला जाऊ नका. सकाळी ४ अंशांवर १२,००० जी वेगाने २० मिनिटं फिरवा, गोळी ७० टक्के अल्कोहोलने धुवा, आणि पाण्यात विरघळल्यावर डीएनएज (उरलेला डीएनए तोडणारं एन्झाइम) लावा. २६०/२८० चं गुणोत्तर २ च्या आसपास आणि २६०/२३० चं १.८ च्या वर आलं, की पुढे जा.

यानंतरचं क्लोनिंग नेहमीचं. पीटीआरव्ही२ मध्ये (टीआरव्हीच्या दुसऱ्या भागाचं प्लाझमिड; पहिल्या भागाचं पीटीआरव्ही१) तुकडा बसवायला इको-आरवन आणि एक्सहोवन ही कापणाऱ्या एन्झाइमांची जोडी सोयीची, आणि प्रायमरच्या टोकाला कापायच्या जागेआधी चार-सहा जादा अक्षरं ठेवा, कारण टोकाला चिकटून असलेली जागा एन्झाइमला कापता येत नाही. डीएच५ अल्फा या ई. कोलाय जिवाणूमध्ये घाला, कॅनामायसिन ५० मिलिग्रॅम प्रतिलिटर, आणि क्रम वाचून खात्री करूनच पुढे जा. मग ॲग्रोबॅक्टेरियम जीव्ही३१०१ मध्ये. वनस्पतीच्या पेशीत डीएनए पाठवणारा हा जिवाणूच विषाणू वाहक वेलीत पोचवतो. १०० मायक्रोलिटर सक्षम पेशी, १ मायक्रोग्रॅम प्लाझमिड, बर्फात ५ मिनिटं, द्रव नायट्रोजनमध्ये ५, ३७ अंशांवर ५, पुन्हा बर्फ. त्यानंतर प्रतिजैविक नसलेलं एलबी १ मिलिलिटर घालून २८ अंशांवर ३ तास, आणि कॅनामायसिन ५०, जेंटामायसिन २५, रिफॅम्पिसिन २५ असलेल्या प्लेटवर पसरा. वसाहती दोन-तीन दिवसांत येतात. रिफॅम्पिसिन उजेडात बिघडतं, म्हणून प्लेट फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा.

रोपं कुठून आणायची

मुंबईत द्राक्षाची बाग नाही, तेव्हा काड्या नाशिक किंवा सांगलीकडून येणार. आणायचा हंगाम महत्त्वाचा. महाराष्ट्रात वेलीची छाटणी दोनदा होते: एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर तीन-चार आठवड्यांनी फुटीवर कोवळ्या, हिरव्या पेरांची भरपूर काडी मिळते. टिश्यू कल्चरला, म्हणजे निर्जंतुक माध्यमावर रोपं वाढवायला, तीच हवी. तपकिरी झालेली काडी निर्जंतुक होत नाही. आत बुरशी असते आणि ती दहाव्या दिवशी डोकं वर काढते.

काड्या ओल्या वर्तमानपत्रात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि थर्मोकोलच्या पेटीत आणा. बर्फाचा पॅक असेल तर काडीला थेट टेकू देऊ नका, काळी पडते. कसारा घाट उतरेपर्यंत पेटी गाडीच्या डिकीत उन्हात राहिली, तर निम्मे डोळे गेलेच समजा. बाग मालकाकडून वाण आणि खुंट दोन्ही लिहून घ्या. महाराष्ट्रात वेली सहसा डॉगरिजसारख्या खुंटावर कलम केलेल्या असतात, आणि घाईत खुंटाची फूट तोडून आणली जाते. पानाचा आकार बघून ते लगेच ओळखता येतं.

एक डोळा असलेले दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. वाहत्या पाण्याखाली अर्धा तास, ७० टक्के अल्कोहोलमध्ये ३० सेकंद, ट्वीन-२० चे दोन थेंब घातलेल्या १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये १० मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने तीनदा. एमएस माध्यम (क्षार आणि जीवनसत्त्वांचं), फूट आणणारं संप्रेरक बीएपी १ मिलिग्रॅम प्रतिलिटर, साखर ३० ग्रॅम, अगार ७ ग्रॅम, पीएच ५.८. फूट आली की अर्ध्या ताकदीच्या एमएसवर, मुळं आणणारं आयबीए ०.२ मिलिग्रॅम घालून, मुळं धरू द्या. २५ अंश, १६ तास उजेड. पाच-सहा पानं आणि तीन-चार पांढरी मुळं आलेली रोपं प्रयोगाला तयार. प्रत्येक गटाला १५ तरी ठेवा.

आईवेल आधीच विषाणूग्रस्त असण्याची शक्यता बरीच असते. लीफरोल आणि द्राक्ष विषाणू ए काडीतून पुढच्या रोपात जातात आणि लक्षणं दिसतीलच असं नाही. आत आधीच बसलेला विषाणू वेलीची यंत्रणा कमजोर करतो, आणि तुमचा वाहक त्याच कुळातला असेल तर त्याला दारातच अडवतो. टिश्यू कल्चरमधल्या प्रत्येक ओळीची एकदा आरटी-पीसीआर (विषाणूचा आरएनए शोधणारी चाचणी) करून घ्या. पॉझिटिव्ह निघालेली ओळ टाकून द्या. हळहळू नका.

द्रावण

बफरमध्ये तीनच गोष्टी: १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १० मिलिमोलर एमईएस (पीएच ५.६), २०० मायक्रोमोलर ॲसिटोसिरिंगोन. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा शोषतं. मुंबईत पावसाळ्यात बाटली दोन-तीनदा उघडली की आत चिखल होतो आणि वजन फसवं येतं. म्हणून नवी बाटली फोडली की त्याच दिवशी १ मोलरचा साठा करा: हेक्साहायड्रेट २०.३ ग्रॅम, पाणी १०० मिलिलिटरपर्यंत. बफरच्या दर १०० मिलिलिटरला यातलं १ मिलिलिटर. एमईएसचा साठा ०.५ मोलर: ९.८ ग्रॅम १०० मिलिलिटरला, पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पीएच ५.६, आणि बफरला २ मिलिलिटर. ॲसिटोसिरिंगोन १९.६ मिलिग्रॅम १ मिलिलिटर डीएमएसओत विरघळवलं की १०० मिलिमोलर होतं. त्यातलं २०० मायक्रोलिटर १०० मिलिलिटर बफरला पुरतं. हे उणे २० अंशांवर छोट्या नळ्यांत ठेवा आणि दर वेळी नवी नळी काढा.

जिवाणूंचा हिशेब असा. २५० मिलिलिटरच्या बीकरमध्ये रोपं बुडवायला एका गटाला २०० मिलिलिटर मिश्रण लागतं: १०० मिलिलिटर पीटीआरव्ही१ आणि १०० मिलिलिटर पीटीआरव्ही२ अधिक तुकडा, दोन्ही ओडी (द्रावणाचा गढूळपणा, म्हणजे जिवाणूंची दाटी) १ ला. तीन गटांना मिळून पीटीआरव्ही१ चं ३०० मिलिलिटर झालं. वाढलेल्या कल्चरची ओडी १.८ धरली तर त्यासाठी १६७ मिलिलिटर कल्चर लागेल. २०० वाढवा. पीटीआरव्ही२ च्या प्रत्येक तुकड्याला ५६ मिलिलिटर पुरतं, ७५ वाढवा. मिसळल्यावर प्रत्येकाची ओडी ०.५ होते हे वहीत लिहा. ‘ओडी १’ म्हणजे मिसळण्याआधी की नंतर, यावर पुढे भांडणं होतात.

एका वसाहतीपासून ५ मिलिलिटर रात्रभर २८ अंशांवर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मोठ्या फ्लास्कमध्ये, तीच प्रतिजैविकं, शिवाय १० मिलिमोलर एमईएस आणि २० मायक्रोमोलर ॲसिटोसिरिंगोन. सकाळी ३,००० जी, १० मिनिटं, गोळी बफरमध्ये हलक्या हाताने मोकळी करा. ओडी १ ला आणा. मग अंधारात, खोलीच्या तापमानाला ३ तास तसंच ठेवा. या तीन तासांत ॲसिटोसिरिंगोनमुळे जिवाणूंची डीएनए पाठवायची यंत्रणा जागी होते. मुंबईत ‘खोलीचं तापमान’ म्हणजे मे महिन्यात ३३ अंशही असतं, आणि २८ च्या वर ही यंत्रणा नीट जुळत नाही. फ्लास्क एसीच्या खोलीत ठेवा.

निर्वात

सुईविना सिरिंजने पानात द्रावण भरणं तंबाखूत जमतं. द्राक्षाच्या पानाचा खालचा पापुद्रा चिवट असतो आणि पान फाटतं. म्हणून निर्वात पंप.

मुळांवरचा अगार कोमट पाण्यात पूर्ण धुवा. मिश्रणात सिलवेट एल-७७ (पानावर द्रावण पसरवणारं द्रव्य) ०.०१ टक्का घाला, म्हणजे २०० मिलिलिटरला २० मायक्रोलिटर. रोपं उलटी, मुळांसकट बुडवा आणि वर तरंगू नयेत म्हणून जाळी ठेवा. डेसिकेटर बंद करून दाब वातावरणापेक्षा ८० किलोपास्कलने, म्हणजे सुमारे ६०० मिलिमीटर पाऱ्याने, खाली आणा. २ मिनिटं धरा. पानांतून बुडबुडे निघतील. मग झडप हळूहळू उघडा. द्रावण पानात शिरतं ते दाब परत येताना, खेचताना नाही. झटक्यात उघडलं तर कोवळी पानं चिरडतात. दुसऱ्यांदा तेच करा. पान गडद, ओलं, काचेसारखं दिसलं की भरलं. नाशिकला हीच कृती केलीत तर लक्षात घ्या, तिथली उंची सुमारे ६०० मीटर आहे. वातावरणाचाच दाब कमी, त्यामुळे मीटरचा तोच आकडा गाठायला पंपाला जास्त कष्ट पडतात.

रोपं स्वच्छ पाण्यात एकदा बुडवून टिश्यूवर टिपा. निर्जंतुक केलेल्या कोकोपीट आणि परलाइटच्या मिश्रणात लावा, वर पारदर्शक पिशवी. २४ तास अंधार.

शेजारी निकोटियाना बेंथामियानाची (तंबाखूच्या नात्यातली वनस्पती) दहा रोपं त्याच दिवशी, त्याच पीटीआरव्ही१ ने भरा. ही चार पानांची असताना सिरिंजने सहज भरतात आणि १० ते १४ दिवसांत वरची पानं पांढरी होतात. ती पांढरी झाली आणि द्राक्ष हिरवंच राहिलं, तर दोष जिवाणूत नाही, द्राक्षात आहे हे कळतं. पण त्यांच्यासाठी पीडीएसचा तुकडा बेंथामियानाचा स्वतःचा घ्या. द्राक्षाचा तुकडा तिथे पुरेसा जुळत नाही.

तापमान, आणि पुन्हा तापमान

टीआरव्हीला २० ते २२ अंश मानवतात. २५ च्या वर परिणाम विरळ होत जातो. मुंबईत जानेवारीतसुद्धा दुपारी पारा ३० वर जातो, म्हणजे खिडकीजवळचं रॅक किंवा गच्चीवरचं जाळीघर बाराही महिने बाद. बंद खोली आणि दोन एसी लागतात, एकामागून एक चालणारे. एसीच्या रिमोटवरचा आकडा खरा मानू नका. तापमान नोंदवणारं यंत्र रोपांच्या पानांच्या उंचीला ठेवा. दिव्यांखालच्या फळीवर खोलीपेक्षा तीन-चार अंश जास्त असणं नेहमीचंच, आणि वरच्या फळीवर अजून जास्त. शनिवार-रविवारी इमारतीचे मध्यवर्ती एसी बंद होतात का, हे इलेक्ट्रिशियनला आधीच विचारा. सोमवारी समजून उपयोग नाही.

दमटपणाचं गणित उलटं आहे. पहिला आठवडा पिशवी हवी, कारण टिश्यू कल्चरच्या पानांची छिद्रं नीट मिटत नाहीत. आठव्या दिवशी पिशवीला दोन भोकं, दहाव्याला चार, बाराव्याला कोपरा उघडा, चौदाव्याला काढून टाका. जुलैत बाहेरची हवाच इतकी ओली असते की पिशवी जास्त दिवस राहिली तर राखाडी बुरशी धरते. मार्चमध्ये एसी हवा सुकवतो आणि पिशवी लवकर काढली तर पानं वाळतात. हंगाम बघून दोन दिवस इकडे-तिकडे करा.

पाहणं आणि मोजणं

द्राक्षात पांढरे चट्टे दिसायला तीन ते सहा आठवडे लागतात. ते नव्या पानांवर येतात, शिरांच्या कडेने सुरू होतात, ठिगळांसारखे. भरलेल्या जुन्या पानांकडे बघू नका. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर ती लोहाची कमतरता. कोकोपीटमध्ये पीएच चढला की ती येते. पीडीएसचा पांढरा रंग हस्तिदंतासारखा असतो, पिवळा नाही.

नमुना घेताना प्रत्येक रोपाचं एकाच क्रमांकाचं पान घ्या: भरलेल्या शेवटच्या पानाच्या वरचं तिसरं. वहीत पानाचा क्रमांक नसेल तर तो नमुना वाया. टीआरव्हीच्या आवरणाच्या जनुकासाठी आरटी-पीसीआर करा, आणि त्याच नमुन्याची आरटी (आरएनएपासून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली नळी सोबत चालवा. त्या नळीतही पट्टा आला, तर तुम्ही विषाणू पकडलेला नाही, रोपावर उरलेले ॲग्रोबॅक्टेरियम पकडले आहेत. पांढरा डाग न पडणाऱ्या जनुकांच्या बाबतीत फसगत सर्वांत जास्त होते ती इथेच. नंतर पीटीआरव्ही२ मधल्या, तुकड्याच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या प्रायमरने तुकडा तपासा. अपेक्षेपेक्षा लहान पट्टा म्हणजे विषाणूने तुकडा फेकून दिला आहे. ते रोप आकडेवारीतून काढा, पण किती काढली ते लिहा.

क्यूपीसीआरला संदर्भ जनुकं दोन घ्या, ॲक्टिन आणि इलाँगेशन फॅक्टर १ अल्फा. जीएफपी गटात डेल्टा सीटी (तुमच्या जनुकाची सीटी वजा संदर्भ जनुकांची; आकडा एकाने वाढला की संदेश निम्मा) ५.२ आणि तुमच्या गटात ७.० आली, तर फरक १.८, म्हणजे संदेश सुमारे २९ टक्के उरला. प्रत्येक रोप स्वतंत्र मोजा. पाच रोपं एकत्र वाटलीत तर चार निकामी आणि एक उत्तम असलेला गट ‘थोडासा परिणाम’ असा दिसतो आणि खरी गोष्ट झाकली जाते.

ज्या जनुकाचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, तिथे तुमचा तुकडा आणि पीडीएसचा लहान तुकडा एकापाठोपाठ जोडून एकाच वाहकात घालता येतात. पांढरा पट्टा जिथे, तिथून नमुना. दोघांची मिळून लांबी ५०० च्या आत ठेवा. मात्र पांढऱ्या ऊतीत प्रकाशसंश्लेषण बंद असतं, म्हणून साखर किंवा रंगद्रव्यांशी संबंधित जनुकांना ही युक्ती लावू नका. आणि ही युक्ती वापराल तिथे नियंत्रण गटातही पीडीएस हवाच.

मण्यांवर करायचं असेल तर

रंग किंवा गोडीच्या जनुकांसाठी रोपं कामाची नाहीत, मणी लागतात. मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे तो मऊ होऊन पिकायला लागायच्या सुमाराला घडावरून देठासकट मणी कापून आणा, बारीक सुईने प्रत्येकात ५० ते १०० मायक्रोलिटर मिश्रण देठाच्या बाजूने सोडा, आणि ओल्या टिश्यूवर बंद डब्यात २२ अंशांवर ठेवा. आठवड्याच्या आत नमुना घ्या, त्यानंतर मणी स्वतःच कुजायला लागतो. वाशीच्या घाऊक बाजारातले मणी यासाठी आणू नका. पाणी उतरून गेलेलं असतं आणि वर जिबरेलिक ॲसिडपासून बुरशीनाशकांपर्यंत काय काय बसलेलं असतं त्याचा पत्ता नाही. सुईची जखम स्वतःच ताणाची जनुकं चालू करते, म्हणून जीएफपी गटाशिवायचा मण्यांचा निकाल कुणाला दाखवू नका.

प्रयोग संपला की रोपं, कोकोपीट, पिशव्या आणि टिपलेले टिश्यू १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा. कुंडीतली ओली माती लवकर तापत नाही, म्हणून पिशवी अर्धीच भरा. उरलेल्या जिवाणूंच्या द्रावणात हायपोक्लोराइट घालून अर्धा तास ठेवल्याशिवाय ते बेसिनमध्ये ओतू नका. टीआरव्ही रसातून, कात्रीतून एका रोपातून दुसऱ्यात जातो, म्हणून कात्री दर रोपाला हायपोक्लोराइटमध्ये बुडवा, आणि त्या खोलीतून नाशिकला परत जाणाऱ्या गाडीत एकही काडी ठेवू नका.